बालगृहातील मोठ्या मुलींचा मजला: आतील रचना कशी असावी?

ओवरी (धागाकर्ती)

नमस्कार. मी वास्तुसजावटकार असून जिल्ह्याच्या गावी असलेल्या मुलींच्या एका बालगृहातील एका मजल्याच्या नूतनीकरणाचे काम माझ्याकडे आले आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही. या मजल्यावर सोळा ते अठरा वर्षांच्या मुली राहतात. कोणी घर सोडून आलेली आहे, कोणाचा बालविवाह ऐन वेळी थांबवला गेला आहे, कोणाचा अत्याचाराचा खटला अजून चालू आहे, तर कोणाला सांभाळणारे कोणीच उरलेले नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशाने त्या येथे आल्या आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना ‘तुला येथे राहायचे आहे का’ असे विचारले गेले नाही. आराखडा करताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

संस्थेच्या मागणीपत्रातील पहिला मुद्दा ‘भिंतींना प्रसन्न रंग देणे व कार्टूनची चित्रे काढणे’ हा आहे. सतरा वर्षांच्या मुलीच्या उशाशी हसणारा ससा काढून तिचे मन कसे हलके होणार, हे मला उमगत नाही. रंगांच्या परिणामाविषयी आमच्या व्यवसायात फार ठामपणे बोलले जाते. १९७९ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील नौदलाच्या एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग देऊन कैद्यांचा आक्रमकपणा कमी झाल्याचे सांगण्यात आले आणि तो रंग अनेक तुरुंगांत पोहोचला. पुढे स्वित्झर्लंडमधील तुरुंगात काटेकोर तुलना करून पाहिली, तेव्हा त्याचा तसा काही परिणाम आढळला नाही. रंग चांगला असावा, हे मान्य आहे; परंतु जिच्या आयुष्यातील प्रत्येक निर्णय दुसऱ्यांनी घेतला आहे, तिला कशावर तरी स्वतःची सत्ता मिळावी, हे मला रंगापेक्षा मोठे काम वाटते. दिवा कधी मालवायचा, कपाट कोणी उघडायचे, खोलीत कोण येत आहे हे आधी कळावे की नाही, यांची उत्तरे तिच्या हाती असली पाहिजेत.

आता जागेविषयी. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये झाला आणि त्याखालील केंद्राचे आदर्श नियम २०१६ चे आहेत. त्यांत पन्नास मुलांच्या संस्थेसाठी पंचवीस जणांचे एक, असे प्रत्येकी १००० चौरस फुटांचे दोन शयनकक्ष सांगितले आहेत, म्हणजे माणशी ४० चौरस फूट. सहा बाय तीनची खाट त्यातले १८ चौरस फूट घेते आणि उरलेल्या २२ मध्ये येण्याजाण्याची वाट, कपाट आणि मुलीचे सारे खासगी आयुष्य बसवायचे असते. समुपदेशनाच्या खोलीला १२० चौरस फूट आहेत. हे किमान आकडे आहेत, पण संस्थाचालक त्यांना ध्येय समजतात, असा माझा अनुभव आहे. संस्था तुरुंगासारखी किंवा कोठडीसारखी दिसता कामा नये, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. मात्र ते फुटपट्टीने मोजता येत नसल्यामुळे माझ्यासमोर कोणी त्याचा विषयही काढलेला नाही.

माझा विचार असा आहे की सलग दालनात चार फूट उंचीच्या आडभिंती घालून चार-चार खाटांचे कप्पे करावेत. झोपलेली मुलगी इतरांना दिसणार नाही, उभ्या असलेल्या काळजीवाहक ताईंना मात्र सर्व दालन दिसेल. प्रत्येक खाटेच्या उशाला भिंत असावी आणि खाटेवर बसले असता दार दिसावे. ज्यांनी अशा संस्थांत काम केले आहे किंवा जे तेथे राहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

माजी_अधीक्षिका

विषय काढलात, हे बरे केले. आपला आराखडा दिवसाचा आहे. मी रात्रीविषयी लिहिते, कारण बालगृह खरे कसे आहे ते रात्री कळते.

मोठ्या मुलीसुद्धा अंथरूण ओले करतात. आघातातून आलेल्या मुलींमध्ये ही गोष्ट दुर्मीळ नाही आणि त्याची लाज त्यांना दिवसभर पुरते. म्हणून गादीला रेक्झिनचे आवरण घालायचे असेल तर ते सर्व गाद्यांना घालावे, चार-दोन गाद्यांना नको. बदलायच्या चादरी कुलूपबंद कोठारात न ठेवता न्हाणीघराच्या वाटेवरच्या उघड्या फडताळात ठेवाव्यात, म्हणजे रात्री दोन वाजता किल्लीसाठी कोणाला उठवावे लागणार नाही. त्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर मंद दिवे हवेत. आमच्याकडे एक तर लख्ख ट्यूबलाइट होती किंवा मिट्ट काळोख, आणि काळोखाला घाबरणाऱ्या मुली पहाटेपर्यंत लघवी दाबून धरत असत.

आडभिंतींविषयी मला थोडी शंका आहे. चौघींचा कप्पा झाला की त्यात एक दांडगी मुलगी आणि तीन दबलेल्या मुली असे राज्य तयार होऊ शकते. मुलींना परस्परांपासूनही संरक्षण लागते, हे बाहेरच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. उंची चार फुटांहून वाढवू नका आणि कप्प्यांना दार किंवा पडदा लावू नका. काळजीवाहक ताईंची खाट दालनाच्या टोकाला असते. ती मध्यावर, न्हाणीघराच्या वाटेशी आणावी, असे मी सुचवेन.

तिसरी_खाट

मी वयाच्या आठव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत संस्थेत राहिले. संस्थेविषयी माझी तक्रार नाही. तेथे मला शिक्षण मिळाले आणि आज मी नोकरी करते. पण आपण विचारलेत म्हणून काही गोष्टी सांगते.

आमच्या दालनातील प्रत्येक पंख्यावर, कपाटावर, पाण्याच्या टाकीवर आणि जेवणाच्या ताटावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे लिहिलेले होते. माझ्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर कोणा अनोळखी आजोबांचे नाव पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेले होते आणि माझे नाव मात्र हजेरीपटाखेरीज कोठेही नव्हते. देणगीदारांचा मान राखला पाहिजे, हे मलाही समजते. परंतु त्यांच्या नावांचा एकच फलक कार्यालयात लावावा आणि खाटेवर मुलीचे नाव असावे. ते रंगवू नये, कारण मुली येतात आणि जातात, आणि आधीच्या मुलीचे खरवडलेले नाव पाहून नव्या मुलीला काय वाटते हे मी अनुभवले आहे. पाटी सरकवून बसवता येईल अशी असावी आणि जाताना ती त्या मुलीला देऊन टाकावी.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. वाढदिवस आणि पुण्यतिथीला येणाऱ्या लोकांना संस्था ‘दाखवण्यासाठी’ थेट आमच्या झोपण्याच्या दालनातून फिरवून आणत असत. आम्ही वेणी घालत असू, कोणी आजारी पडून झोपलेली असे, आणि दारात दहा-बारा माणसे उभी असत. यावर रचनेतच उपाय आहे. भेटीची खोली आणि जेवणाचे दालन प्रवेशद्वाराजवळ असावे आणि शयनकक्षाकडे जाणारा जिना तेथून दिसूच नये. दिसला नाही तर तेथे नेण्याचा आग्रहही कमी होतो.

तिसरी गोष्ट, आरसा. आमच्या मजल्यावर एकच आरसा होता आणि तो ताईंच्या खोलीत होता.

विटकाम

बांधकाम अभियंता या नात्याने आवाजाविषयी लिहितो, कारण सजावटीच्या चर्चेत त्याला कोणी विचारत नाही. कोटा फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती, लोखंडी खाटा आणि स्टीलची ताटे एकत्र आली की दालन घुमते, आणि घुमणाऱ्या दालनात चाळीस मुलींना आपले म्हणणे पोहोचवण्यासाठी ओरडावे लागते. मग ताई त्यांच्याहून मोठ्याने ओरडतात. ज्या मुलीच्या घरी मोठा आवाज म्हणजे मार असे समीकरण होते, तिच्यासाठी हे ओरडणे साधे राहत नाही. उपाय महाग नाहीत. लाकडाच्या तंतूंचे सिमेंटमध्ये दाबलेले तक्ते छताला लावावेत, एका भिंतीला सूचनाफलकाचा मऊ तक्ता पूर्ण लांबीभर ठोकावा (मुलींना चित्रे आणि फोटो टोचायलाही तो उपयोगी पडेल), खाटेच्या पायांना रबरी टोप्या घालाव्यात आणि कप्प्यांत सतरंज्या घालाव्यात. शाळेची पितळी घंटा असेल तर तीही उतरवावी.

खिडक्यांच्या उभ्या गजांविषयी. सुरक्षेसाठी जाळी लागणारच, पण ती गजांचीच असली पाहिजे असे नाही. आडव्या-तिरप्या नक्षीची जाळी तितकीच मजबूत होते. जेथे नव्याने भिंत बांधत आहात, तेथे विटांची झरोकेदार जाळी करावी, वारा खेळता राहतो.

निरगाठ

मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. ओवरी यांनी लिहिलेला ‘स्वतःच्या सत्तेचा’ मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आधार देणारी वास्तू कशी असावी, यावर त्यांनी पुढे जे लिहिले, त्यात रुग्णाला स्वतःच्या परिसरावर नियंत्रण असणे हा प्रमुख घटक होता. रुग्णालयाचे निष्कर्ष बालगृहाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, परंतु दिशा तीच आहे.

मात्र एक इशारा देते. आजकाल ‘शांत खोली’ नावाची कल्पना फार लोकप्रिय झाली आहे. मन भरून आले की मुलीने तेथे जाऊन बसावे, मऊ गाद्या, मंद प्रकाश वगैरे. कल्पना चांगली आहे, पण मी पाहिलेल्या एका संस्थेत काही महिन्यांतच ती शिक्षेची खोली झाली होती. ‘भांडलीस ना, जा आता शांत खोलीत’ असे म्हणून मुलींना तेथे पाठवले जात असे आणि दाराला बाहेरून कडी होती. म्हणून माझी विनंती आहे की अशी खोली करू नये, कोपरा करावा. त्याला दार नसावे, आत-बाहेर करायला कोणाची परवानगी लागू नये, आणि तो एकाच्या ऐवजी दोन-तीन ठिकाणी असावा. जिन्याच्या वळणावरचा रुंद कट्टा किंवा खिडकीची बैठक हे काम उत्तम करते. ज्या वास्तूला कडी नाही, तिचा दुरुपयोग करायला माणसाला जास्त कष्ट पडतात.

सहजच

क्षमा करा, पण चर्चा वाचून वाटते की आपण सगळे पंचतारांकित वसतिगृह बांधायला निघालो आहोत. आमच्या तालुक्यातील आश्रमशाळेत मुले दिवसा ज्या वर्गात बसतात, त्याच वर्गात रात्री झोपतात. तेथे खाट नाही, तर खाटेवरच्या नावाची चर्चा कोण करणार? आधी पाणी, संडास आणि पुरेसे कर्मचारी, मग मंद दिवे.

तिसरी_खाट

सहजच, आपण म्हणता ती परिस्थिती खरी आहे. परंतु खाटेवरच्या पाटीला, चादरीच्या फडताळाला किंवा आरशाला पंचतारांकित खर्च येत नाही. माझ्या संस्थेत रंगीत दूरचित्रवाणी संच तीन होते, सगळे देणगीत आलेले, आणि न्हाणीघराच्या एका दाराला आतून कडी नव्हती ती मी राहिले तोवर बसली नाही. पैसे नव्हते, हे त्याचे कारण नव्हते. देणगीदाराचे नाव कडीवर लिहिता येत नाही.

मुंबईचा_जुना

‘तुरुंगासारखे दिसू नये’ या वाक्यावरून आठवले. मुंबईत डोंगरी-उमरखाडी येथील मुलांचे निरीक्षणगृह ज्या वास्तूत सुरू झाले, ती मुळात तुरुंगच होती. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर टिळक आणि आगरकर तेथेच १०१ दिवस होते. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि कैद्यांच्या जागी मुले आली. आपल्याकडील बालसंस्थांचा नकाशा कोठून आला, याचे हे बरेच बोलके उदाहरण आहे. मध्ये चौक, भोवती दालने, एकच दरवाजा आणि दरवाजाशी कार्यालय, ही मांडणी पुढे नव्याने बांधलेल्या इमारतींतही विचार न करता उचलली गेली, असे माझे मत आहे.

आणखी एक नोंद. २०१६ च्या नियमांनुसार बाल न्याय मंडळाची बैठक न्यायालयासारख्या दिसणाऱ्या जागेत होता कामा नये, सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसू नये आणि मध्ये कठडा नसावा. म्हणजे मंडळाचा चौथरा मुलाच्या मनावर दडपण आणतो, इतके कायद्यानेच मान्य केले आहे. सहजच यांच्या ‘आधी संडास’ या म्हणण्याला मी विरोध करत नाही, पण आतील रचना ही चैन आहे असे निदान कायदा तरी मानत नाही.

विटकाम

एक अवघड विषय कोणीतरी काढला पाहिजे, म्हणून काढतो. छताचे पंखे. राजस्थानात कोटा येथील वसतिगृहांमध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनंतर २०२३ मध्ये प्रशासनाने खोल्यांतील पंख्यांना स्प्रिंगचे उपकरण लावण्याचा आदेश काढला. ठरावीक वजनापेक्षा जास्त भार आला की पंखा खाली येतो. त्यावर बरीच टीका झाली आणि मूळ कारण तसेच राहते हे खरेच आहे, तरीही ज्या मजल्यावर जोखमीच्या मुली आहेत तेथे हा विचार टाळता येत नाही. माझ्या मते भिंतीवरचे जाळीचे पंखे हा अधिक साधा मार्ग आहे. पडद्याचे दांडे आणि कपडे अडकवायचे हूक जास्त भार आल्यावर निखळून पडणारे घ्यावेत. न्हाणीघराला आतून कडी हवीच, पण ती गरज पडल्यास बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी मिळते. दारे दोन्ही बाजूंना उघडणारी असावीत, म्हणजे आतून कोणी टेकून बसले तरी उघडता येतात.

निरगाठ

विटकाम यांच्याशी सहमत आहे, आणि यातील एकही वस्तू पाहिल्यावर ‘तुझ्यावर आमचा विश्वास नाही’ असे मुलीला वाटत नाही. खरी कसोटी तीच आहे. सुरक्षेची जी सोय नजरेत भरत नाही, ती दोन्ही बाजूंनी काम करते.

पायवाट

मी चाकाची खुर्ची वापरतो. समावेशक हा शब्द आला की दारात एक उतार बांधून लोक मोकळे होतात, म्हणून लिहितो. उतार बारास एक असावा, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी आणि वळायला १५०० मिलिमीटरची जागा हवी, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण कपाटाचा सर्वांत वरचा कप्पा, दिव्याचे बटण आणि आरसा बसूनही हाताशी आला पाहिजे, आणि ही सोय ‘अपंगांची खोली’ म्हणून वेगळ्या टोकाला न करता सर्वांच्या कप्प्यांतच असावी. वेगळी खोली मिळालेल्या मुलीला मैत्रिणी मिळत नाहीत. ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी घंटेबरोबर दिवाही लुकलुकावा, आणि कमी दिसणाऱ्या मुलीसाठी पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असावी. तेथे रंगाचा खरोखर उपयोग आहे.

न्हाणीघरांविषयी: ओळीने उभ्या केलेल्या अर्ध्या दारांच्या मोऱ्यांऐवजी पूर्ण दाराची सुटी न्हाणीघरे करावीत. स्वतःच्या शरीराविषयी किंवा लिंगओळखीविषयी गोंधळात असलेल्या मुलांना सामूहिक अंघोळीची किती धास्ती असते, हे मी वसतिगृहात पाहिले आहे. त्यांना वेगळे काढण्याची गरज पडत नाही. सर्वांना दार मिळाले की त्यांनाही मिळते.

माजी_अधीक्षिका

एक राहिले. सोळा ते अठरा हा गट लवकरच बाहेर पडणार आहे. कायद्याने अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढील आधाराची, तरतूद आहे. तरीही प्रत्यक्षात पुष्कळ मुली वाढदिवसानंतर थोड्याच काळात भाड्याच्या खोलीत एकट्या पडतात. संस्थेचा भटारखाना त्यांना बंद असतो. पन्नास माणसांचा भात शिजताना त्यांनी पाहिलेला असतो, पण दोन कप चहाला साखर किती आणि गॅसची टाकी संपत आली हे कसे ओळखायचे, हे त्यांना माहीत नसते. तेव्हा या मजल्यावर एक छोटा ओटा काढा. दोन शेगड्या, एक मोरी, चार डबे. दूध उतू जाईल, पोळ्या करपतील, ताईंची कटकट होईल, तरी काढा. सुरक्षेची हरकत येणारच, त्यासाठी इंडक्शनची शेगडी घेता येईल. मला स्वतःला गॅसच बरा वाटतो, कारण पुढे त्यांना गॅसच वापरायचा आहे.

आणि कपडे वाळत घालायला उन्हातली आडोशाची जागा. पाळीचे कपडे आणि आतले कपडे खाटेखाली, ओल्या सावलीत वाळवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, कारण गच्चीवरची दोरी रस्त्यावरून दिसत असे.

ओवरी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेबरोबर बैठक झाली, तिचा वृत्तांत थोडक्यात देते.

चार फुटी आडभिंती मान्य झाल्या. ताईंची खाट दालनाच्या मध्यावर येईल. प्रत्येकीला कुलपाचे कपाट मिळेल, किल्ली मुलीकडे राहील आणि दुसरी किल्ली बंद पाकिटात कार्यालयात. पाकीट उघडताना ती मुलगी हजर असावी, ही अट अधीक्षिकांनी स्वतः सुचवली, त्याचे मला विशेष वाटले. उशाशी प्रत्येकीचा स्वतःचा दिवा आणि त्याचे बटण असेल. चादरींचे फडताळ, वाटेवरचे दिवे, भिंतीवरचे पंखे, सरकत्या पाट्या आणि पूर्ण दारांची न्हाणीघरे यांनाही होकार मिळाला. शांत खोली आराखड्यातून काढली असून तिच्या जागी ओटा येत आहे. तो गॅसचा असावा की नाही, हे अग्निशमन विभागाच्या सल्ल्यावर ठरेल. कार्टूनच्या चित्रांचा निर्णय मुलींवर सोडला, तेव्हा त्यांनी एका भिंतीला गडद निळा रंग आणि उरलेल्या भिंतींना ‘कोणतेही चित्र नको’ असे सांगितले.

दोन गोष्टींवर एकमत झाले नाही. विश्वस्तांना देणगीदारांची नावे वस्तूंवरून काढणे पटत नाही. एकच मोठा फलक पितळेचा करून देण्याचा प्रस्ताव मी ठेवला आहे. दुसरी गोष्ट सीसीटीव्हीची. प्रवेशद्वार, जिना आणि वाटेवरील कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, परंतु शयनकक्षातही एक हवाच, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. त्या कॅमेऱ्याचे चित्रण कार्यालयातील ज्या पडद्यावर दिसते, तेथे दिवसभर पुरुष कर्मचारी आणि पाहुणे ये-जा करतात. यावर लेखी काय मांडावे, हे कोणी सुचवल्यास उपयोग होईल.

निरगाठ

लेखी देताना ‘कॅमेरा नको’ एवढेच लिहू नका. रात्रपाळीला दोन काळजीवाहक असाव्यात आणि त्यांच्या फेऱ्यांची नोंद ठेवली जावी, असा पर्याय त्यासोबत द्या. माझ्या पाहण्यात शयनकक्षातील कॅमेऱ्याची मागणी बहुतेक वेळा रात्रपाळीचे दुसरे पद रिक्त असल्यामुळे येते. ते पद भरण्याची मागणी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे त्याच पत्राने पाठवता येईल. तुमचा मसुदा येथे टाकलात तर मी पाहून देते.